डावं चाक

गाडी गल्लीत शिरली की
साळुंकेबाईंच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची,
दुधाच्या पिशव्या टाकणारा प्रद्युम्न
खांदा वर करून एक कान झाकायचा,
आणि अण्णा काच खाली करून
सगळ्यांना हात दाखवत यायचे.

त्यांना ऐकूच यायचं नाही.
जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये अठ्ठावीस वर्षं
लाल सळई कटरखालून जाताना
रोज थोडा थोडा गेला बारीक आवाज.
आधी टिटवी गेली, मग कुकरची शिट्टी,
मग आईच्या बांगड्या.
ट्रक येतो ऐकू. ढगही येतात, आले तर.

शेवटी मीच सांगितलं, ओठ मोठे करून,
गाडी. किंचाळते. ब्रेक दाबला की.
"मग काहून नाही सांगितलं?"
दोन महिने झाले होते.
तुम्ही खुशीत यायचे, म्हणाले,
पण ते हळू म्हणाले.

रविवारी, ऊन चढायच्या आत,
ओढणी कमरेला खोचून मी गाडीच्या बाजूनं पळाले.
अण्णा पहिल्या गिअरमध्ये, माझ्या चपला हातात.
ब्रेक. उजवीकडे काही नाही.
ब्रेक. बोनेटला वळसा घालून इकडं.
ब्रेक. डावा हात वर केला मी.
पुढचं डावं.

मागच्या चाकांना दगड.
चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल,
मग जॅक, आणि जॅकचा काय भरवसा म्हणून
काढलेलं चाक गाडीखाली आडवं.
कॅलिपर सुटला तेव्हा अण्णांनी तो
तान्ह्या लेकराची मान धरावी तसा धरला
आणि तारेनं स्प्रिंगला टांगला.
पाइपावर भार नको.

मी म्हणाले, पॅड संपले असतील,
सत्तारभाईंकडून नवे आणते.
अण्णांनी डोळे मिटून अंगठा फिरवला.
"जाडी आहे की अजून.
तापून तापून काच चढलीय नुसती."

मग फरशीवर पॉलिश पेपर,
त्यावर पॅड, आठाच्या आकड्यात.
कानशीनं कडा मारल्या.
काळी भुकटी मी फुंकायला गेले
तर मनगट धरलं, ओलं फडकं दिलं.
आणि कशाचा काही संबंध नसताना म्हणाले,
"कानात कापूस घाला म्हणून
तिथं कुणी सांगितलंच नाही."
मी पॅड उलटा केला.
पिनांवरची जुनी ग्रीस वाळून गुळासारखी झाली होती.
ती खरवडली. नवी लावली, पॅडच्या पाठीलाही नखभर.
"तोंडाला लागू देऊ नको.
तोंडाला लागली की थांबणं नाही मग."
आई उंबऱ्यातून म्हणाली, स्वतःच्या भावाला सांगा हे.
ते त्यांना ऐकू आलं नाही,
किंवा आलं.

नळ येऊन अकरा दिवस झालेले,
तेव्हा निरमा आणि वाळू, आणि दोघांत एक तांब्या.
माझ्या हातावरून पडलेलं पाणी
त्यांनी खाली ओंजळ धरून घेतलं.

पॅडल आधी पोकळ गेलं,
तिसऱ्या दाबाला टणक.
पुन्हा मी पळाले.
ब्रेक. टायरखालची वाळू.
ब्रेक. काही नाही.
पत्र्यावर कबुतरं बसलेलीच.
रिव्हर्सला मात्र एकदा चिर्र झालं, चिमणीएवढं.
तेही सांगितलं.
"उद्या बघू."

गाडी बंद केली, पण उतरले नाहीत.
काचेतून विचारलं,
"कसा होता पण?"
काय?
"आवाज."

प्रद्युम्न सायकलवर थांबलेला.
साळुंकेबाई कठड्याशी.
बत्तीस वर्षांची मी, शाळेत गणित शिकवणारी,
गल्लीच्या मधोमध उभी राहिले,
जीभ टाळूला लावली
आणि जमेल तेवढ्या वरच्या पट्टीत
किंचाळले.

कबुतरं उडाली.

अण्णा माझ्या गळ्याकडे बघत होते,
तिथली शीर कुठं ताठ होते ते.
"अजून एकदा," म्हणाले.